नवरा-बायकोचा डोंगर

त्सुकुबाला जाणारी गाडी तोक्योच्या इमारतींतून सुटली की थोड्या वेळानं भातखाचरं लागतात, आणि मग एका वळणावर तो डोंगर दिसतो. सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट, आणि त्यावर हा एकटाच बसलेला. डोकी मात्र दोन. परवाच्या सुट्टीत तोक्योतल्या माझ्या घरून, हिगाशी-कसाईहून, मी निघाले, तेव्हा तो दिसल्याबरोबर माझ्या तोंडून मोठ्यानं "आले गं!" असं निघून गेलं. शेजारी पेंगणारे काका दचकून उठले आणि पुढच्या स्टेशनवर घाईघाईनं उतरून गेले. ते काही त्यांचं स्टेशन नसणार.

निमित्त काहीच नव्हतं. ऑफिसात कुणीतरी विचारलं, इथून जवळ चढायला सोपा डोंगर कुठला. मी नाव सांगितलं, आणि मग दिवसभर तो डोंगर माझ्या कीबोर्डवर बसून राहिला.

बाबा त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत होते, तेव्हा आम्ही तिथे राहायचो. मी प्राथमिक शाळेत. आमच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीतून डोंगर समोर दिसायचा आणि घरातले सगळे ऋतू आधी त्याच्यावर यायचे. वसंतात खाचरांत पाणी सोडलं की तो उलटा होऊन पाण्यात उतरायचा, आणि बेडूक इतके ओरडायचे की बाबा पुण्याला फोन करताना खिडकी लावून घ्यायचे. आजोबांना वाटायचं लाइन खराब आहे. उन्हाळ्यात आई बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायची आणि किडे कानठळ्या बसवायचे. शरदात पेंढा जाळल्याचा वास पडद्यांत जाऊन बसायचा. थंडीत रॉकेल विकणारी गाडी बालगीत वाजवत फिरायची. पहिल्या वर्षी आईला वाटलं, आइस्क्रीमवाला आला. एवढ्या थंडीत आइस्क्रीम खाणाऱ्या लोकांबद्दल तिला फार आदर वाटला होता. आणि संध्याकाळी गावातल्या भोंग्यावर मुलांना घरी बोलावणारी धून लागली की डोंगर जांभळा व्हायचा. अगदी पिकल्या जांभळासारखा. आई म्हणायची, "दिवे लावा, देव जांभळा झाला."

तो देव आहे हे तिला समोरच्या ओगावा-सानकडून कळलं होतं. ओगावा-सान गल्लीपलीकडच्या बैठ्या घरात एकट्या राहायच्या. सत्तरी उलटलेली, कंबर वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. दारात काकीचं, म्हणजे जपानी पर्सिमॉनचं, झाड होतं, शरदात तांबूस फळांनी लगडणारं. रोज सकाळी त्या अंगणात येऊन डोंगराकडे तोंड करायच्या, दोनदा वाकायच्या, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा वाकायच्या. आई बाल्कनीतून बघायची. पहिले काही दिवस तिचं ठाम मत होतं की बाई डास मारतात. "पण मारून झाल्यावर वाकतात कशाला?" बाबांनी विचारलं. "मेला का ते बघायला," आई म्हणाली.

शेवटी तिनं मला घेऊन गल्ली ओलांडली. घरात सगळ्यांत चांगलं जपानी मला यायचं, त्यामुळे दुभाषी मीच.

"विचार, त्या डोंगरात कुठला देव आहे?"

मी विचारलं. ओगावा-सान म्हणाल्या, "डोंगरात नाही. डोंगरच."

"आणि मूर्ती?"

"मूर्ती कशाला? एवढा मोठा दिसतोय की."

आईनं डोंगराकडे नीट पाहिलं. "अगंबाई," ती मला म्हणाली, "म्हणजे प्रदक्षिणा केवढी पडेल!"

मग ओगावा-साननी हात वर करून दाखवलं, की देव एक नाही, दोन आहेत. डावीकडचं शिखर नवरा, उजवीकडचं बायको. फार फार पूर्वीपासूनचं जोडपं. दोघांची देवळं आपापल्या माथ्यावर, मध्ये खिंड. डोंगरावरचे मोठे दगड, झाडं, झरे, सगळ्यांत काही ना काही वस्तीला आहे, म्हणून तिथून काही उचलून आणायचं नाही, आणि काही टाकून यायचं नाही.

"दोघं वेगवेगळे राहतात?" आईनं विचारलं. मी भाषांतर केलं.

"हो."

"मग बरोबर. म्हणून टिकलंय," आई म्हणाली. मी हेही भाषांतर करून टाकलं. ओगावा-सान इतक्या हसल्या की त्यांना झाडाला धरावं लागलं. त्या दिवसापासून त्या आईसाठी ओगावाताई झाल्या. आई मराठीत बोलायची, त्या जपानीत. मी नसले तरी दोघींचं चालायचंच.

बायकोचं शिखर नवऱ्याच्या शिखरापेक्षा थोडं उंच आहे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या रात्री जेवताना आईनं ते दोनदा सांगितलं. बाबा शास्त्रज्ञ. ते म्हणाले, "फरक किरकोळ आहे." आई म्हणाली, "अहो, उंची ती उंची."

ते 'अहो' मी इथे मुद्दाम लिहितेय. आमच्या घरात तो शब्द नळासारखा दिवसभर चालू असायचा. अहो, छत्री. अहो, आज जळणारा कचरा, उद्या बाटल्या. अहो, तुमचा चष्मा तुमच्या डोक्यावर आहे. आणि तिसऱ्या शरदात एके दिवशी तो बंद झाला.

कशावरून झालं ते मला माहीत नाही. मोठेपणी मी दोघांना वेगवेगळं विचारून पाहिलं, तर आईनं एक कारण सांगितलं, बाबांनी दुसरं, आणि दोन्ही कारणं इतकी छोटी होती की त्यांवर एक दिवसाचासुद्धा अबोला झाला नसता. झाला मात्र बरेच दिवस. आणि या काळात घरातली टपालखात्याची नोकरी माझ्याकडे आली.

"बाबांना सांग, जेवायला वाढलंय."

बाबा समोरच्या खुर्चीत.

"आईला सांग, मी बघतोय, वाढलंय."

"बाबांना सांग, बघितल्यानं पोट भरत नाही."

मी दोघांच्या मध्ये, हातात पोळी, एकदा इकडे एकदा तिकडे मान. काही निरोप मी गाळायची. "बाबांना सांग, दही संपलंय आणि माझा धीरही संपलाय," असं आई म्हणाली की मी फक्त दही पोचवायची. बाबा बिचारे कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दही घेऊन यायचे, आणि ते नेमकं गोड निघायचं. मग गोड दह्याबद्दलचा निरोप.

हसू यायचं मला, पण एके दिवशी आईनं कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. शाळेच्या सुट्टीत पुण्याला जाऊन येऊ, ती मला म्हणाली. 'जाऊन येऊ' म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी मी बॅग उघडून बघितली तर तळाला माझ्या फ्रॉकांत गुंडाळलेला मसाल्याचा डबा होता. आई पंधरा दिवसांसाठी मसाल्याचा डबा हलवणारी बाई नाही. मी बॅग लावली आणि त्यावर बसून राहिले. बाबा एकटे इथे राहतील, रोज कोंबिनीतला गार भाताचा गोळा खातील, कचरा चुकीच्या वारी टाकतील, शेजारी त्यांना पिशवी परत आणून देतील आणि त्यांना सॉरी सोडून दुसरं काही म्हणता येणार नाही, हे सगळं मला स्वच्छ दिसलं. बॅगेवर बसूनच मी रडले.

ओगावा-साननी मला गल्लीत गाठलं. "तुमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईचा आवाज ऐकू येत नाही. ती आजारी आहे का?"

मी सांगितलं, आजारी नाही, रागावली आहे. कुणावर, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग आमच्या बाल्कनीकडे, आणि म्हणाल्या, "रविवारी पानं लाल झाली असतील. तिघांनी चला. गाडी माझी." त्यांना नाही म्हणणं आई-बाबा दोघांनाही जमण्यासारखं नव्हतं. दोघांनीही आपला होकार माझ्यामार्फत कळवला.

ओगावा-सानची गाडी म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटचा डबा होता; तिथे ती प्लेट सगळ्यांत छोट्या गाड्यांना असते. बाबा पुढे, गुडघे हनुवटीला लावून. आई आणि मी मागे. अंतर एवढं कमी की आई श्वास सोडायची तो बाबांच्या मानेवर. तरीही, "बाबांना सांग, काच वर करा." "आईला सांग, काच लावलेलीच आहे, थंडी आतली आहे." ओगावा-सानना मराठी येत नव्हतं, पण तो 'सांग' हा शब्द त्यांनी त्या दिवशी पाठ केला. घाट चढताना समोरून बस आली तेव्हा त्या हॉर्न वाजवून तिला म्हणाल्या, "सांग, सांग!"

पायथ्याच्या देवळात सुगंधी ओल होती. सीडरची उंच झाडं, त्यांच्या बुंध्यांना पेंढ्याचे जाड दोर, दोरांना पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. पाण्याच्या कुंडावर लाकडी पळ्या. ओगावा-साननी शिकवलं तसे आम्ही आधी डावा हात धुतला, मग उजवा, मग चूळ भरली. आई म्हणाली, "हे आपल्यासारखंच." तिनं चपला काढायला सुरुवात केली तेव्हा मात्र ओगावा-साननी घाबरून तिचा हात धरला. देवासमोर दोन टाळ्या वाजवायच्या होत्या. आई-बाबा शेजारी उभे, दोघं दोन वेगळ्या तालांत. चार टाळ्या झाल्या. ओगावा-सान पुटपुटल्या, "देव गोंधळेल," आणि त्यांनी पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदाही चारच झाल्या.

वर केबलकारनं गेलो. खिंडीत एक मोकळं पटांगण आणि त्याच्या कडेला चहा-नूडल्सची दुकानं. डावीकडची वाट नवऱ्याच्या शिखराला, उजवीकडची बायकोच्या. इथे खरं नाटक झालं.

"आईला सांग, आधी जवळचं शिखर करू. डावीकडचं."

"बाबांना सांग, मी उंचावर जाणार."

"आईला सांग, ढग येतायत."

"बाबांना सांग, मला दिसतंय."

आणि ते गेले. बाबा डावीकडे, आई उजवीकडे. पाठीला पाठ करून, एकदाही मागे न बघता. मी मध्ये उभी. मला एकदम वाटलं की हे असंच राहणार. पुढे कधीतरी मला कुणीतरी विचारेल, तुझे आई-बाबा कुठे असतात, आणि मी दोन बोटं दोन दिशांना करून दाखवीन. ओगावा-साननी मला दुकानात नेऊन काडीला टोचलेले तांदळाच्या पिठाचे गोळे घेऊन दिले. वर गोडसर सोयाचा दाट रस. त्या गोळ्यांना भाजल्याचा वास होता, आणि रडताना ते गिळवत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

मग ढग आला. सावकाश आला, पाहुण्यासारखा, आणि पटांगणभर पसरून बसला. आधी लाल पानं गेली, मग वाटा, मग शेजारचं दुकान. घंटेचा आवाज येत होता पण घंटा दिसत नव्हती. त्यातून बाबा उगवले, चष्म्यावर पाणी.

"आई आली?"

"नाही."

ते बसले. चहा मागवला. प्यायले नाहीत. चष्मा पुसला. उजवीकडच्या वाटेकडे बघितलं, तिथे नुसती पांढरी भिंत.

"तिकडे दगड आहेत म्हणे. निसरडे?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"फार," ओगावा-सान म्हणाल्या. बिनदिक्कत, एक भुवई वर करून. त्यांनी हे जरा जास्त रंगवून सांगितलं, असं मला आज वाटतं. बाबा उठले. मी म्हटलं, "काही निरोप सांगू का आईला? आली तर?"

"नको," बाबा म्हणाले, "मीच सांगतो." आणि पांढऱ्या भिंतीत शिरले.

ते गेल्यावर बराच वेळ कुणीच आलं नाही. ओगावा-सान आपल्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. ते जाऊन खूप वर्षं झाली होती. दर शरदात त्या इथे येतात, बायकोच्या शिखरावर उभ्या राहतात आणि समोरच्या शिखराकडे तोंड करून वर्षभराचं सांगतात. "ते तिथे आहेत का?" मी विचारलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण घरात बसून भिंतीला सांगण्यापेक्षा बरं. आणि हा डोंगर त्यांना आवडायचा. मेल्यावर माणूस आवडत्या जागी जात असणार. ऑफिसात तर जाणार नाही."

मग त्या उठल्या. "चल, आपणही जाऊ." एका हातात त्यांची काठी, दुसऱ्या हातात मी. मुळांनी वाट पायरी पायरीची झाली होती. ओली पानं, मातीचा गार वास, कुठेतरी ठिबकणारं पाणी. काहीच दिसत नव्हतं. आणि त्या काहीच नसलेल्यातून आधी टक्, मग टक्, असे दगडावर दगड आपटल्याचे आवाज आले, आणि मग माझ्या आईचा, पुण्यात ऐकू जाईल असा आवाज.

"अहो, तसं नाही! मनगटातून टाका, मनगटातून!"

"कोन बघ ना कोन! इथून पंचेचाळीस अंश—"

"कोन गेला चुलीत! त्याचं तोंड बघा!"

बेडकाच्या आकाराचा एक भला मोठा दगड आहे त्या वाटेवर. आ वासून बसलेला. त्याच्या तोंडात खडा टाकायचा, आत राहिला तर मनातलं होतं म्हणतात. त्या दगडासमोर माझे आई-बाबा भिजलेल्या केसांनी, आईच्या खांद्यावर बाबांचं जाकीट, कचाकचा भांडत खडे मारत होते. बाबांचा खडा बेडकाच्या कपाळावर लागून परत येत होता. आईचा तिसऱ्या प्रयत्नात आत गेला आणि राहिला. तिनं टाळ्या वाजवल्या. दोन.

"काय मागितलंस?" बाबांनी विचारलं. थेट तिला.

"तुम्हाला कशाला सांगू?" ती म्हणाली. थेट त्यांना.

मी ओगावा-सानचा हात सोडला. मला धावत जावंसं वाटलं, आणि नाहीही. माझी नोकरी गेली होती आणि मला इतकं हलकं वाटत होतं की जागचं हलू नये असं वाटलं. ओगावा-साननी बेडकाला वाकून नमस्कार केला, मग ढगात हरवलेल्या वरच्या माथ्याला. "बायको जिंकली," त्या म्हणाल्या. कुठली, ते बोलल्या नाहीत.

त्यांना अजून त्यांचं काम करायचं होतं. आम्ही सगळेच माथ्यावर गेलो. लहानसं देऊळ, त्यामागे उघडे खडक, त्यापुढे फक्त पांढरं. ओगावा-साननी पाय रोवले, तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला आणि समोरच्या न दिसणाऱ्या शिखराकडे ओरडून बोलायला लागल्या. खूप वेळ. बाबांनी हात जोडले. आईचे डोळे भरून आले.

"काय म्हणतायत गं?" तिनं हळूच विचारलं.

मी ऐकलं आणि जमेल तसं सांगितलं, "यंदा काकी तुरट निघाली म्हणतायत. तुम्ही चुकीचं कलम केलं होतं, मी तेव्हाच सांगितलं होतं म्हणतायत. छप्पर गळतंय. आणि तुमचं ते हिरवं जाकीट मी अजून कुणाला दिलेलं नाही, म्हणतायत."

आईनं डोळे पुसले. बाबा म्हणाले, "काकीवर काही उपाय असेल. मी विचारून बघतो." आई म्हणाली, "अहो, गप्प बसा. त्या तुमच्याशी बोलत नाहीयेत."

मसाल्याचा डबा त्याच संध्याकाळी ओट्यावर परत आला. आम्ही त्या गावात आणखी काही वर्षं राहिलो, मग पुण्याला परतलो. ओगावा-सान आम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी गेल्या. पत्रातून कळलं तेव्हा आईनं संध्याकाळी काळे उडीद घालून वरण केलं. त्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. ओगावा-सानना ते आवडायचं, बाबा म्हणाले.

परवा मी बसनं पायथ्याला गेले तेव्हा जुन्या गल्लीतूनही चालून आले. बैठं घर नाही. तिथे चार गाड्यांचं पार्किंग आहे, सरळ पांढऱ्या रेघा आखलेलं. काकीचं झाडही नाही. पेंढा जाळल्याच्या वासाची आठवण मात्र एवढी पक्की होती की मी रिकाम्या जागेपुढे उभी राहून नाक वर करून हुंगत होते. एका आजोबांनी सायकल थांबवून विचारलं, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो. काय, ते विचारण्याचा सभ्यपणा त्यांनी केला नाही, म्हणजे न विचारण्याचा सभ्यपणा केला.

वर खिंडीत पोचले तेव्हा आकाश स्वच्छ होतं. दोन्ही शिखरं समोरासमोर, ऊन खात बसलेली. त्या मधल्या दुकानात बसून मी गरम नूडल्स मागवल्या आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर आधी छताचा पंखा आला, मग आईचं कपाळ.

"बघ, कुठे आलेय." मी फोन फिरवून दोन्ही शिखरं दाखवली.

"अगंबाई! तोच का तो? अहो, इकडे या, आपला डोंगर!"

बाबांचा कान आला. मी म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं विचारायचं राहिलंय. तुम्ही त्या दिवशी धुक्यात वर गेलात ना, तेव्हा आईला पहिलं काय म्हणालात?"

"मी म्हणालो, थंडी वाजत असेल, जाकीट घे."

"काही नाही हं!" आई म्हणाली. "म्हणाले, खाली चहा मिळतोय. जाकीट मी मागितलं."

"तू कुठे मागितलंस? तू खडकाला मिठी मारून बसली होतीस. उतरता येत नव्हतं."

"मी देवाजवळ बसले होते."

"दोन्ही हातांनी?"

"अहो, तुमचा स्वतःचा चष्मा तेव्हा—"

फोन मी बाटलीला टेकवून टेबलावर उभा केला. दोघांनाही माझी आठवण राहिली नव्हती. स्क्रीनवर कधी आईची वेणी, कधी बाबांचा हात, कधी नुसता पंखा. दुकानाच्या मावशी वाफाळतं वाडगं घेऊन आल्या, ते ठेवलं आणि काळजीनं फोनकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं,

"कोणी भांडतंय का?"

"नाही," मी म्हटलं, "बोलतायत."